माझ्या नावाचं ताट

मला रेशनकार्ड मिळालं ते लालबागच्या खानावळवाल्या मावशीमुळे. गिरणीतले आम्ही वीस जण एका खोलीत राहायचो, भाडेपावती एकाच्याच नावावर. आणि नियम असा, की पावती नाही त्याला कार्ड नाही. माझ्या वाटणीचे तांदूळ मावशी बाजारातून महाग आणायची. चौथीतून शाळा सोडून कोकणातून आलेला मी. दोनदा कचेरीतून मान खाली घालून परतलो.

तिसऱ्यांदा ती बरोबर आली. पदर खोचून तिने माझं पितळी ताट कारकुनाच्या टेबलावर आपटलं. अदलाबदल नको म्हणून ती प्रत्येकाच्या ताटावर नाव घालून घेई.

"वाचा, साहेब. दोन वर्षं हा यात जेवतो. इथे राहत नाही, तर रोज गावाहून जेवायला येतो काय?"

"नियम आहे, बाई."

"मोर्चात 'मुंबई आमची' ओरडताना याच्याकडे कुणी पावती मागितली नाही. मग तांदळालाच कशाला?"

मागची रांग खवळली. कारकुनाने अर्ज ओढून घेतला. एका पोटासाठी एवढं भांडण! उरलेल्या अठरा ताटांचं काय? अजून डोकं तडकतं.

मावशी स्वतः अजून परातीतच जेवते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. एक दिवस विचारीन, आणि ते घातलेलं ताट वाढून तिच्यापुढे ठेवीन.