उशीला फुटलेली बाही

कात्री चालवल्यावर वहिनीला आठवलं, की आधी दोन्ही कडांना शिलाई मारायची होती.

विणकामाच्या शिबिरातून ती नवी विद्या घेऊन आली होती: स्वेटर नळीसारखा गोल विणायचा आणि शेवटी बटणपट्टीसाठी पुढून उभा कापायचा. बाईंनी शिलाई दाखवली तेव्हा ही शेजारणीशी गप्पा छाटत होती. आता टाके भराभर सुटत चालले. स्वेटर थोरल्या नणंदेसाठी होता. लोकरही ताईंनीच हाताने कातलेली, आणि त्यापायी त्यांचं मनगट कायमचं धरलेलं.

तेवढ्यात ताईच दारात! वहिनीने सगळा पसारा उशीखाली कोंबला.

"उशीला बाही कधी फुटली गं?" ताईंनी विचारलं.

वहिनीला रडूच आलं. ताईंनी तुटलेल्या धाग्यांची दोन टोकं पिंजली, थुंकी लावली, एकमेकांवर ठेवून तळहातात चोळली. धागा जुळला.

"बघितलंस? आता थुंकी तुझी, हात तुझे. माझं फक्त तोंड चालेल."

ओळ न् ओळ तुटली होती. जोडण्यात लोकर आटली, म्हणून एक बाही उसवून तिची लोकर पुढच्या भागाला लावावी लागली. ताई तसाच स्वेटर घालून बाजारात जातात आणि कुणी विचारलंच तर सांगतात, "दुसरी भावजयीकडे आहे."

ते ऐकून वहिनी मान खाली घालते. सध्या ती टकळीवर कातायला शिकतेय. धागा कुठे दोरखंड, कुठे केस. बाही अजून द्यायचीच आहे.