सत्काराची शाल

बायकोचा गुलाब मी चार दिवस शालीत गुंडाळून ठेवला आणि जवळजवळ मारला.

त्या आठवड्यात निफाडला गवतावरचं दव गोठत होतं. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटत होत्या. लेकीकडे जाताना हिने बजावलं होतं, "गुलाबाकडे बघा हं." हिच्या आईने दिलेल्या फांदीचा तो गुलाब, आई गेल्यापासून ही त्याच्याशी बोलते. म्हणून मी कपाटातल्या सत्काराच्या शालींतली एक जरीकाठी शाल काढून त्याला पांघरली. तो अगदी निवृत्त मुख्याध्यापकासारखा दिसू लागला. सकाळी ऊन आलं की ती काढायची असते, हे मात्र सुचलं नाही. माया करताना आपल्याला पांघरूण घालायचं तेवढं आठवतं.

पाचव्या दिवशी हिनेच येऊन शाल उचलली. पानं पिवळी पडलेली, कळ्यांनी माना टाकलेल्या. तिने वाकून बुंध्याशी आलेला लालसर कोंब चाचपला.

"जगेल," ती म्हणाली.

मग शाल झटकून माझ्या खांद्यावर टाकली. "इतक्या शाली अंगावर पडून तुम्ही कधी फुललात का? मग तो बिचारा कसा फुलणार?"