फिनेलचं बाकडं

माझा नवरा दवाखान्यातल्या बाकड्यावरून उठला आणि सफाईवाल्या मावशीनं त्या बाकड्यावर फिनेल ओतलं. त्याच्या डोळ्यांदेखत. थोडं त्याच्या पायांवरही उडालं. समोरची माणसं नाकाला रुमाल लावून सरकली.

नवरा नायजेरियाचा. वाशीत कपड्यांचा धंदा करतो. मी तुर्भ्याची, साताऱ्याहून आलेल्या माथाडी कामगाराची मुलगी. त्याला सणकून ताप होता. ओठांवर, जिभेवर फोड. पाण्याचा घोटही गिळवत नव्हता.

आठवड्यापूर्वी तसलेच फोड माझ्या ओठावर होते. मी एकटी आले होते. याच डॉक्टरनं हसत मलम लिहून दिलं. "उष्णता झालीय, वहिनी. गुलकंद खा."

नवऱ्याला बघून मात्र त्यानं खुर्ची मागं ओढली. तोंड उघडायलाही सांगितलं नाही. रक्त घ्यायला लावलं. आम्हाला वाटलं, तापाचं असेल. थोड्या वेळानं कंपाउंडर भरल्या हॉलमध्ये ओरडला, "सर, त्या काळ्याची एचआयव्ही निगेटिव्ह आली!"

नवरा उठला. तेव्हाच ते फिनेल पडलं. आतून डॉक्टर म्हणाला, "यांचं काय खरं? परत कर टेस्ट. तोवर आत नको पाठवू."

नवरा मला हळूच म्हणाला, "चलो, घर चलते हैं." रिक्षावाला थांबत नाही, सोसायटीत कुणी घर देत नाही, तेव्हाही तो असंच म्हणतो. माझं डोकं फिरलं.

मावशीच्या हातातली बादली हिसकावली. केबिनचं दार लाथेनं उघडलं. उरलेलं फिनेल डॉक्टरच्या टेबलावर, शर्टावर ओतलं.

"पूस! आता स्वतःला पूस!"

कंपाउंडरनं मागून माझा हात पिरगाळला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. रक्त आलं.

"चावली! आता मला पन रोग होनार!"

"झाला तर गुलकंद खा," मी म्हटलं.

डॉक्टरनं फोन उचलला. "पोलीस बोलावतो."

"बोलाव. न विचारता कसली टेस्ट केलीस, तेही सांग त्यांना."

नवऱ्याला त्याच ओल्या बाकड्यावर बसवलं. शेजारी मी बसले. कपडे भिजले, मांड्या चुरचुरल्या. पोलीस आले तरी उठलो नाही. शेवटी त्या टेस्टची तक्रार नको म्हणून डॉक्टरला नवऱ्याचं तोंड तपासावंच लागलं. लिहून दिलं तेच मलम, मला दिलेलं.

हे फोड परत परत येतात म्हणे. येऊ देत. दर वेळी आम्ही याच दवाखान्यात येणार, याच बाकड्यावर बसणार. परत फिनेल ओतलं, तर बादली परत माझ्या हातात असेल.