मनुआत्या आणि भुलीची सुई

माझी आत्या मनुबाई कल्याणच्या खाडीकाठी कोळीवाड्यात राहायची आणि बाजारात मासळी विकायची. आवाज असा खणखणीत, की गिऱ्हाईक भाव करायला कचरायचं. सत्त्याऐंशी साली तो आवाज बसत गेला. घरात कुणी गेलं नव्हतं, काही बिनसलं नव्हतं. तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. आंघोळ नको, जेवण नको. तिचा नवरा, आमचे नाथाकाका, तिला भगताकडे घेऊन गेले, नारळ उतरवला. फरक काही पडला नाही.

"कसला इचार करतंस?" काका विचारायचे.

"कसलाच नाय. छातीवर धोंडा ठेवलाय कुणी. तोच ढकलते दिवसभर."

अशी तीन-चार वर्षं गेली. एकदा घरी मासळी साफ करताना शिंगाळा माशाचा काटा तिच्या उजव्या तळहातात घुसला. ती कुणाला बोलली नाही. हात सुजून टम्म झाला, ताप चढला, तेव्हा काकांनी तिला रिक्षात घालून स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं. पू काढायचा म्हणून डॉक्टरांनी केटामीनची, म्हणजे भुलीची, सुई दिली. लहान ऑपरेशनला तेव्हा ती सर्रास देत. भुलीत आत्या बरळली, कधीच्या मेलेल्या आईला हाका मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा मागितला. वर म्हणाली, "साखर टाकताना हात आखडला का?" घरी आल्यावर तिने डाव्या हाताने केस विंचरले, शेजारणीशी भांडली, हसली. तिची मुलगी नीला आमच्याकडे धावत आली आणि माझ्या बाबांना म्हणाली, "मामा, आई जेवली! बोंबील मागून जेवली!"

आठवडाभर घर उजळलं. मग एका संध्याकाळी ती पुन्हा भिंतीकडे वळली. आता जास्तच वाईट, कारण छातीवरचा धोंडा उतरू शकतो हे तिला कळलं होतं.

ड्रेसिंगला गेली तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली, "ती सुई परत द्या."

"कुठली?"

"भुलीची. तिनं मना बरा वाटला."

डॉक्टर समजुतीने म्हणाले, "अहो, ते ऑपरेशनचं औषध. मनाच्या दुखण्याला ते देत नाहीत."

महिन्याभराने तिचा तोच हात पुन्हा सुजला. या वेळी कोपरापर्यंत. डॉक्टरांनी विचारलं, "परत काटा? कसा काय?"

"मीच घुसवला," आत्या म्हणाली.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर खुर्चीत बसले. हात वाचवायचा तर चिरावा लागणार होता, भूल द्यावीच लागणार होती. ती दिली. नंतर ते रोज येऊन तिच्याशी बोलत बसायचे. तिचा चेहरा खुललेला त्यांनी पाहिला, आणि थोड्या दिवसांनी विझलेलाही पाहिला.

"मला हे कळत नाही, मनुबाई," ते म्हणाले. "पण दर वेळी हात चिरून मी तुम्हाला हसवणार नाही. ठाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे जा. मी बोलून ठेवतो."

"येड्यांच्या हास्पिटलात?" काका उसळले. "लोक काय बोलतील?"

"लोकांच्या छातीवर हाय का धोंडा?" आत्या म्हणाली.

ठाण्याच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "सुईचं असं मी कधी ऐकलेलं नाही. पण तुम्ही खोटं बोलताय असंही वाटत नाही," असं म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. तोंड कोरडं पडायचं, बसल्या बसल्या डुलकी यायची. पण महिना-दीड महिन्याने ती आपणहून आंघोळीला उठली. अर्धा दिवस मासळीची पाटी घेऊन बाजारात बसू लागली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली.

नीलाचं लग्न झाल्यावर आत्याने गोळ्या सोडल्या आणि पुन्हा अंथरूण धरलं. नीला शहाडहून आली, तिला उठवून परत ठाण्याला घेऊन गेली. त्यानंतर गोळ्या चुकल्या नाहीत. सुईसारखं लख्ख मात्र गोळीने कधी वाटलं नाही, असं ती म्हणायची.

नाथाकाका दर खेपेला बरोबर जायचे, पण हॉस्पिटलच्या फाटकाच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. समोरच्या टपरीवर बसून राहायचे. आत्या बाहेर आली की उठायचे आणि काही न विचारता तिच्या हातातली पिशवी घ्यायचे.