डबलसीटच्या स्प्रिंगा

आई फेब्रुवारीत आइंडहोवनजवळच्या न्यूनेनला माझ्याकडे आली ती तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये विमानं बंद झाली. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली, दम्याची औषधं इथल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, लिहून दिली, आणि आम्ही दोघी एका छोट्या घरात समोरासमोर बसून राहिलो. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून ऑफिसचं काम करायची, आई सोफ्यावर बसून पुण्यातल्या सगळ्यांना फोन करायची. आइंडहोवनच्या ज्या कंपनीत मी आहे तिथे यंत्रांमधली कंपनं कमी करणं हेच माझं काम. ते घरून कसं करता येतं, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रॉटरडॅमजवळ कापेल आन डेन आयसेलला राहतो. आमच्या घरापासून साधारण सव्वाशे किलोमीटर. तरुणपणी जहाज कंपनीच्या नोकरीसाठी रॉटरडॅमला आला आणि इथलाच झाला. मामी तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेली होती, ती तिकडेच अडकली. एप्रिलमध्ये मामाला कोविड झाला. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावावा लागला. मे महिन्यात तो घरी आला तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजारी दारात सामान ठेवून जायचे, तेवढंच.

आई रोज त्याला व्हिडिओ कॉल करायची.

"काय जेवलास?"

"भाजी-पोळी."

"दाखव बघू."

"संपली ना ताई आता."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "कालचाच शर्ट आहे अंगात. परवाही तोच होता. मला त्याच्याकडे नेऊन सोड."

सांगणं सोपं होतं. आगगाडीने गरज असेल तरच जा, असं सरकार सांगत होतं, आणि आईचा दमा बघता हाउसआर्ट्सही नको म्हणाली होती. टॅक्सीचं नाव काढताच आईने मान हलवली. अनोळखी माणसाबरोबर काचा लावून दीड तास बसायची तिची तयारी नव्हती. कुणा सहकाऱ्याला सोडायला सांगावं, तर त्या दिवसांत दुसऱ्याला गाडीत बसवून घ्या म्हणणंच अवघड होतं. आणि मला चारचाकी येत नाही. भारतातला परवाना इथे बदलून मिळाला होता, पण त्यावर फक्त दुचाकी होती.

"तुझी मोटरसायकल आहे ना," आई म्हणाली.

ही तीच आई, जिने आल्यापासून मागच्या शेडमध्ये एकदाही डोकावलं नव्हतं. मुलगी चाळिशीला आली तरी मोटरसायकल चालवते हे ती पुण्यात कुणाला सांगत नसे.

"तू बसशील?"

"नाही तर जाऊ कशी?"

माझ्या एका मैत्रिणीने आईसाठी आपलं जाकीट आणि हेल्मेट पायरीवर आणून ठेवलं. एका रविवारी सकाळी मी आईला गावातल्या गावात फिरवायला काढलं. निघालो तेव्हा बरं वाटलं. पहिल्या राउंडअबाउटला सायकलवाल्यासाठी ब्रेक दाबला, तर पुढचं चाक जणू खड्ड्यात गेलं. गाडीचं नाक खाली गेलं, आई घसरत माझ्या पाठीवर आली आणि तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. पुढे विटांच्या रस्त्यावर दाबलेली स्प्रिंग पार तळाला टेकली. हँडल हातात थडथडलं. कशीबशी घरी आले.

आई उतरली. मला वाटलं, संपला विषय.

"पुढून खाली बसते ही," ती म्हणाली. "हे दुरुस्त होतं का?"

"होतं."

"मग कर. मग जाऊ."

गाडी जुनी होती. मी घेतली तेव्हाही जुनीच होती. हँडलखालच्या दोन नळ्यांमध्ये, पुण्यात आपण ज्यांना शॉकअप म्हणतो त्यांत, कंपनीने मुळातच मऊ स्प्रिंगा घातल्या होत्या. एकटीला त्या चालून जायच्या. मागे माणूस बसला की ब्रेक मारताना सगळं वजन पुढे येई आणि स्प्रिंग पुरी दबून जाई. मग चाकाला वर-खाली व्हायला जागाच उरत नाही. वळताना गाडी दचकते, खड्डा थेट मनगटात येतो.

वर्कशॉपमध्ये फोन केला. एकेकालाच आत घेत होते, माझा नंबर कित्येक आठवडे लागणार नव्हता. म्हणून आधी एक झटपट उपाय केला. स्प्रिंगच्या डोक्यावर असलेला नळीचा तुकडा जरा लांब घातला, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहील. असं केल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे ऑफिसात मी कुणालाही समजावून सांगितलं असतं. घरी मात्र घाई झाली होती. आईला परत मागे बसवलं, परत ब्रेक मारला, परत हेल्मेट आपटलं. शिवाय आता छोटे खड्डेही लागायला लागले.

"काही फरक नाही," आई मागून म्हणाली.

त्या दुपारी मी जास्त कडक स्प्रिंगा मागवायला बसले. विकणाऱ्याच्या साइटवर चालवणाऱ्याचं आणि मागच्याचं वजन विचारलं होतं.

"आई, तुझं वजन किती?"

"पंचावन्न लिही."

मी आईकडे पाहिलं. आईने मटार सोलायला घेतले. मी पंचावन्न लिहिलं, पण ऑर्डर पाठवली नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंग चालू असताना ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी माइक बंद केला.

"वजन चुकीचं दिलं तर चुकीची स्प्रिंग येईल का?"

"येईल."

"मग बहात्तर लिही," ती म्हणाली आणि लगेच स्वयंपाकघरात गेली.

स्प्रिंगा आल्या त्या शनिवारी आम्ही शेडचं दार सताड उघडलं. गाडी स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावला, पुढचं चाक उचललं. चाक निघालं, ब्रेक सोडवून तारेने बाजूला बांधले, मडगार्ड काढलं, मग दोन्ही नळ्या खाली ओढून काढल्या. आई माझा जुना शर्ट पंजाबी ड्रेसवर चढवून स्टुलावर बसली होती. मी काढलेला प्रत्येक नटबोल्ट ती वाट्यांमध्ये वेगवेगळा ठेवत होती. माझ्या स्टीलच्या सगळ्या वाट्या त्या दिवशी शेडमध्ये होत्या.

नळ्या उपड्या केल्यावर तेल निघालं ते काळपट, गढूळ, आणि त्याला सडक्या मासळीसारखा वास.

"हे तेल आहे?" आईने ओढणी नाकाला लावली.

"कुणी वर्षानुवर्षं बदललेलं नाही."

"कुणी म्हणजे तूच ना."

जुनी स्प्रिंग आणि नवी स्प्रिंग मी तिच्या हातात दिल्या. नवीची तार जाड होती, आणि ती आखूडही होती, म्हणून तिच्या डोक्यावरची प्लास्टिकची नळी मोजून नव्याने कापायची होती. आईने प्लास्टिकची नळी दोन्ही हातांनी बाकड्यावर दाबून धरली, मी करवत चालवली. नवं तेल ओतून नळी वर-खाली करत हवा काढली, पट्टी आत सोडून तेलाची पातळी दोन्हीकडे सारखी केली. इथवर काम शांतपणे झालं.

खरी झटापट नळ्यांच्या तोंडावरच्या झाकणांची. नव्या स्प्रिंगा कडक, त्यामुळे झाकण अंगाची ताकद लावून खाली दाबायचं आणि दाबलेल्या अवस्थेत फिरवून आट्यात बसवायचं. डावीकडचं बसलं. उजवीकडचं बसेना. दाबलं की वाकडं जायचं, फिरवलं की अडकायचं. जोर केला असता तर आटे गेले असते आणि मग गाडी उन्हाळाभर शेडमध्येच राहिली असती. हाताला फोड आला. मी नळी भिंतीला टेकवून खाली बसले.

"उद्या करू या का?" मी म्हणाले.

"उद्या ही स्प्रिंग मऊ होणार आहे का?"

"नाही."

"मग आत्ताच कर. तू नुसती दाब, फिरवायचं माझ्याकडे दे."

मी नळी पायांत धरली, झाकणावर फडकं ठेवून दोन्ही तळव्यांनी, खांद्यांनी, सगळ्या अंगाने खाली दाबलं. आईने पाना लावला आणि आधी उलटा फिरवायला लागली. डब्याचं झाकण बसवताना करतात तसं, आटा कुठे सुरू होतो ते चाचपत. एकदा हुकलं. परत दाबलं, परत हुकलं. पुढच्या वेळी एक बारीकसा टक् आवाज आला आणि तिने पाना सुलटा वळवला. झाकण अलगद आत जाऊ लागलं.

"सोडू का?"

"थांब. अजून दोन वेढे." मग म्हणाली, "सोड."

रविवारी त्याच राउंडअबाउटला मी मुद्दाम जोरात ब्रेक मारला. नाक थोडं खाली गेलं आणि तिथेच थांबलं. आई जागची हलली नाही. विटांच्या रस्त्यावर गाडी थोडी कडक लागली, पण हँडल सरळ राहिलं.

पुढच्या शनिवारी निघालो. मामाला कळवलं नव्हतं. तो नकोच म्हणाला असता, असं आईचं म्हणणं. पाठीवरच्या पिशवीत तिचे कपडे, हिंग, गोडा मसाला आणि तांदळाच्या पापड्या. हायवेवर ती पहिल्यांदा इतकी घट्ट धरून बसली की मला श्वास घ्यायला त्रास होत होता. ब्रेडा शहराच्या अलीकडे वाहनं अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. मागून आवाज आला, "चांगली थांबली." त्यानंतर तिची पकड सैल झाली.

मामाने दार उघडलं आणि चौकटीला धरून उभा राहिला. इतका वाळला होता की मला दुसरंच कुणी वाटलं.

"ताई?" त्याची नजर तिच्या हातातल्या हेल्मेटवर गेली. "कशाने आलात?"

"हिच्या मागे बसून."

तो चपलांच्या बाकावर खाली बसला. आईने आत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या, हात धुतले आणि फ्रिज पाहिला. पाव, ताकाचा डबा आणि उकडलेली अंडी.

"तुला काळजी नको म्हणून भाजी-पोळी म्हणालो," मामा म्हणाला.

"बरं," आई म्हणाली आणि डाळ धुवायला घेतली. वरण-भात खाताना मामा मध्येच थांबला. वास येत नाही अजून, म्हणाला. आईने त्याच्या भातावर आणखी एक चमचा तूप घातलं.

आई तिथेच राहिली. मी दर शनिवारी जायची. एकटीला त्या स्प्रिंगा कडक पडत, विटांवर मनगटं दुखत. जुन्या परत घालाव्यात असं एकदोनदा मनात आलं, पण आईला घरी आणायचं होतं. मामा आधी खोलीतल्या खोलीत चालायचा, मग गॅलरीच्या टोकापर्यंत, मग लिफ्टने खाली. एके दिवशी त्याला फोडणीचा वास आला. ते सांगायला त्याने मला कामाच्या मध्येच फोन केला.

मामी परतली तेव्हा मी आईला घ्यायला गेले. मामा खाली आला, गाडीचं हँडल धरून त्याने पुढचा भाग दाबून पाहिला आणि "बरी आहे" म्हणाला. आई मागे बसली. मी निघणार तेवढ्यात तिने खांद्यावर हात ठेवला. नदीच्या तोंडाशी समुद्राचं पाणी अडवणारे अवाढव्य दरवाजे आहेत, असं मामाने तिला सांगितलं होतं. आईने सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात धरणांचे नकाशे काढण्यात घालवली होती.

"लांब आहे का ते?" तिने विचारलं.

"घराच्या उलट दिशेला आहे."

"गाडी नीट आहे ना?"

"आहे."

"मग तिकडून जाऊ."

मी इंडिकेटर दिला आणि पश्चिमेकडे वळले.