माशांवरचा आळ

माझ्या ओठांभोवती पांढरे डाग उठले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. त्याआधी पूर्णगडला आईकडे एका जेवणात मी तळलेली सुरमई खाल्ली होती आणि वर वाटीभर खीर. वाढली आईनेच. मासे आणि दूध एकत्र पोटात गेलं म्हणून कोड उठलं, असं सगळेच बोलले. मी मासे सोडले. सोळा वर्षं. माहेरी गेले की आई माझ्यासाठी वेगळी डाळ शिजवायची आणि माझ्याकडे न बघता वाढायची.

गेल्या वर्षी रत्नागिरीत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तोंडावरचा पदर काढायलाच मला वेळ लागला. त्या म्हणाल्या, अंगात रोगाशी लढणारे शिपाई असतात, तेच चुकून आपल्या रंगावर उठतात. हे नवीन मलम त्यांना मिळणारा हुकूम मध्येच अडवतं. दिवसातून दोनदा, फक्त डागांवर, पातळ लावा. चेहऱ्यावर बऱ्याचदा गुण येतो, पण सगळ्यांना येतोच असं नाही.

मी हळूच म्हटलं, "पथ्य काय? मासे तर मी खातच नाही."

"का?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, माशांचा आणि कोडाचा काही संबंध नाही. दुधाचाही नाही."

पिशवी तिथेच विसरून मी बाहेर आले आणि जिन्यातूनच फोन लावला. "आये, तुझ्या जेवणानं नाय झालं गो."

"त्या दिवशी तुझी डाक्टरीण होती काय पंगतीला?" आई करवादली आणि फोन ठेवला.

चार महिन्यांनी पांढऱ्या डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले. मलम बाधलं असं वाटून मी ते बंदच केलं. डॉक्टरीणबाई रागावल्या. म्हणाल्या, हाच तुमचा रंग, केसांच्या मुळांतून परत येतोय. तोवर भीतभीत दोनदा बांगडाही खाऊन झाला होता.

तशीच आईकडे गेले. तिने मला दारात उजेडाला उभं केलं, अंगठ्याने ठिपके चोळून बघितले. पुसले जाईनात.

"मासे खातेस?"

"खाते."

ती उंबऱ्यावरच बसली. "म्हणजे डाग मी नाय दिले."

मग म्हणाली, "पन सोळा वर्सं तुझ्या ताटातला मासा मीच काढला ना गो?"