चरसाचा पंच

कुणी न विचारता माहिती द्यायची मला सवय आहे. हे मी स्वतःच आधी कबूल करून टाकतो, म्हणजे बायकोला सांगायचं काही उरत नाही. तरी ती सांगतेच. रोह्याला आमच्या आळीत कुणाला ताप आला की मी त्याला डासाच्या चार अवस्था सांगतो. कुणी नवीन कुकर घेतला की वाफेचा दाब. आयुष्यभर पेण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर हातातला खडू सुटला, पण वर्ग काही सुटला नाही. समोर कोण बसलंय एवढाच काय तो फरक.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आम्हा शिक्षकांचं व्यसनमुक्तीवर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. बाकीचे जेवणात काय आहे याच्या चौकशीत, आणि मी पहिल्या बाकावर बसून वहीभर टिपणं काढतोय. शेवटी चित्रांची झेरॉक्स वाटली. ज्याने ती काढली त्याच्या मशीनला शाईची काही कमी नसावी, कारण भांग, गांजा, चरस आणि हशीश ही चारही चित्रं सारखीच काळीठिक्कर आली होती. पण मला चित्रांची गरजच काय? मला सगळं तोंडपाठ झालं होतं.

त्यानंतर वर्षभर मी ते भेटेल त्याला ऐकवलं. झाड एकच, हे आधी लक्षात घ्या. पानं वाटली की भांग. मादी झाडाचे फुलोरे वाळवले की गांजा. पण खरा माल त्या फुलोऱ्यावरच्या चिकात. झाड हिरवं, उभं असतानाच फुलोरे दोन तळव्यांत चोळत बसायचं. तळव्यांवर काळा थर साचतो, तो खरवडून गोळी वळली की चरस. आणि झाड आधी वाळवून, वस्त्रगाळ करून, जी भुकटी खाली पडते ती दाबून वडी केली की हशीश. एक हाताला चिकटलेला, दुसरा कापडातून गळलेला. लोक दोघांना एकच समजतात, अडाणी कुठले! हल्ली तर म्हणे कुणी बर्फाच्या पाण्यात ढवळून काढतात, कुणी रसायनात विरघळवून तेल काढतात. हे शेवटचं ऐकून धाटावला केमिकल कंपनीत जाणारा आमचा शेजारी म्हणाला, "सर, म्हणजे आमचीच शिफ्ट की!"

बायको एकदा फणस चिरत बसली होती. हाताला खोबरेल लावलेलं, तरी बोटं चिकटलेली. मी म्हटलं, "बघ, चरस नेमका असाच..."

"अहो," ती म्हणाली, "गरे तरी धड खाऊ द्याल का नाय माणसाला?"

तर आषाढातली गोष्ट. आमचा घरचा गणपती पेणजवळच्या जोह्याहून येतो, म्हणून मी मूर्ती सांगायला एस्टीने तिकडे गेलो होतो. फाट्यावर उतरलो, चार पावलं चाललो, तोच पोलिसांची गाडी बाजूला थांबली. ठाणं कुठलं ते सांगत नाही, उगाच कशाला. आतून एक हवालदार म्हणाले, "काका, जरा पंच म्हणून येता का? पाचच मिनिटं."

पंच हा शब्द ऐकला की आपल्याकडे रस्ता झाडून काढल्यासारखा मोकळा होतो. पाच मिनिटांच्या मागे पाच वर्षं कोर्टाच्या चकरा लागतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या पुढे चालणारे दोघे तर शेताच्या बांधावरून दिसेनासे झाले. मी मात्र शर्टाची कॉलर नीट केली आणि गाडीत बसलो. आपल्या चेहऱ्यावर प्रतिष्ठा दिसते, असं मला वाटलं.

गाडी थांबली ती नेमकी आमच्याच मूर्तिकाराच्या कारखान्यासमोर. दुसरा पंच म्हणून त्यांनी दारातल्या एका टेम्पोवाल्याला धरलं. बिचाऱ्याला पळता येईना, कारण टेम्पोत मूर्तींखाली घालायचं गवत अर्धवट भरलं होतं. आत गणपतींची इतकी दाटी की पोटं चुकवत चालावं लागतं. आधीच आलेल्या पोलिसांनी पाच कारागीर एका बाजूला उभे केलेले. कामावर आले की हे लोक चांगले कपडे खिळ्याला अडकवतात आणि मळक्या बर्म्युड्यावर बसतात, त्यामुळे मागच्या भिंतीला चार पँटी ओळीने लटकत होत्या. आणि त्या पाचांत एक माझा जुना विद्यार्थी. तो तिथे आखणी करायचा, म्हणजे गणपतीचे डोळे रेखायचा. कारखान्यात मातीत हात घालणारे खूप, पण आखणीवाला एखादाच. नववीला माझ्याकडे होता. विज्ञानात काठावर पास, पण वहीत बेडूक काढला तर तो बेडूक माझ्याकडेच बघायचा.

हवालदार म्हणाले, "आत जागा नाय, तुम्ही दोघं बाहेर शेडखाली थांबा." आम्ही थांबलो. टेम्पोवाल्याने विचारलं, "सर, काय शोधतायत हो?" झालं! आता हे मला विचारायचं असतं का? मी भांगेपासून सुरुवात केली. हशीशच्या वस्त्रगाळीपर्यंत आलो, तेवढ्यात हवालदार वर्तमानपत्राच्या कागदावर काहीतरी घेऊन बाहेर आले. सुपारीएवढी काळी गोळी होती. मागून पाचही कारागीर आणले.

"आम्हाला टिप होती गांजाची," हवालदार डोकं खाजवत म्हणाले. "ह्या आखणीवाल्याच्या पँटीतून हे काय निघालं?"

मी पुढे झालो. गोळी नाकाशी नेली. खरं सांगायचं तर मला वास आला तो रंगाचा, टर्पेंटाइनचा आणि हवालदारांच्या तंबाखूचा. तरी मी म्हणालो, "चरस."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी थांबतो होय? हा गांजा का नव्हे, हशीश का नव्हे, हाताने चोळलेल्या मालाला अशी लकाकी का येते, सगळं सांगितलं. हवालदार लिहून घेत होते. "सर, जरा सावकाश," असं ते दोनदा म्हणाले. आयुष्यभर शिकवलं, पण माझं बोलणं इतक्या मन लावून कुणी उतरवून घेतलं नव्हतं. समोर माझा विद्यार्थी उभा होता, त्याच्याकडे बघून तर मला आणखीच जोर चढला. शेवटी पंचनामा सहीला आला. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि झोकात सही केली. आखणीवाल्या पोराला गाडीत बसवलं. मी मूर्ती सांगितली, गूळ-खोबरं ठेवलं आणि एस्टीने घरी आलो.

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. चरसच! पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. बायकोने विचारलं, "आनि त्या पोराचं काय झालं?"

पोराचं असं झालं होतं की त्याला जामीन मिळाला, पण कारखान्याने काढून टाकलं. नशेबाजाच्या हातचे डोळे आमच्या गणपतीला नकोत, असं गिऱ्हाइकं म्हणायला लागली. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कुणी दारात उभं करेना. मग तो धाटावला कंत्राटात ड्रम उचलायला लागला. सकाळच्या शिफ्टला आमच्या नाक्यावर बस बदलायचा. मला बघितलं की मान खाली घालायचा, आणि मला वाटायचं, लाज वाटतेय, चांगलं आहे. खटला उभा राहिला तेव्हा कळलं, शिक्षा लागली तर वर्षभर आत. आणि एकदा तो शिक्का बसला की आयुष्यात परत कुणी त्याच्या हातात कुंचला देणार नाही.

माझं समन्स आलं. पेणला जातोच आहोत तर पापड घेऊ, म्हणून बायकोही बरोबर निघाली. कोर्टाच्या आवारात हवालदारांनी मला पंचनामा वाचायला दिला. "एकदा नजर टाका सर, म्हणजे आत गडबड नको. टेम्पोवाल्याने तर काय आठवत नाय म्हणून हात वर केले."

मी वाचायला लागलो. 'दोन्ही पंचांसमक्ष आरोपीच्या पँटच्या उजव्या खिशातून...' मी पुन्हा वाचलं. सही करताना मी ऱ्हस्व-दीर्घ बघितले होते, मजकूर बघितलाच नव्हता. 

"अहो हवालदारसाहेब," मी म्हटलं, "आम्ही तर बाहेर शेडखाली होतो."

"आता एवढं कोण बघतंय सर! सही तुमचीच ना? बदललात तर फितूर लिहितील तुमच्या नावापुढे."

फितूर! सरळ माणसाला हा शब्द झोंबतो. मी बायकोपाशी जाऊन बाकावर बसलो आणि तिला अडचण समजावून सांगायला लागलो: पंचनाम्याचं महत्त्व काय, पुरावा म्हणजे काय, फितूर कुणाला म्हणतात.

"तुमी पायलंत का नाय?" तिने मधेच विचारलं.

"तसं नव्हे, कायद्यात समक्ष म्हणजे..."

"अहो, पायलंत का नाय? येवढंच विचारतंय मी."

तेवढ्यात पुकारा झाला, आणि उत्तर द्यायचं टळलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, वस्तू काय होती. मी सांगितलं. कशावरून ओळखलीत, असं विचारलं. आता हा माझा हक्काचा प्रश्न. मी चोळण्यावरून चाळण्यावर आलो, तोच न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "साक्षीदार, विचारलंय तेवढंच सांगा." टायपिस्ट हात थांबवून माझ्याकडे बघत होता. तेव्हा आरोपीची वकील उठली. माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. "मॅडम, सांगू द्या सरांना," ती गोड आवाजात म्हणाली. "आम्हालाही समजून घ्यायचंय." मला वाटलं, आहे, नव्या पिढीत अजून जिज्ञासा आहे!

मी पुरं केलं. बर्फाचं पाणीसुद्धा सोडलं नाही. तिने शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "सर, हे सगळं तुम्ही त्या दिवशीही सांगितलंत?"

"तर! अगदी सविस्तर."

"आधी कुणाला सांगितलंत?"

"टेम्पोवाल्याला."

"कुठे उभे होता दोघे?"

"शेडखाली."

"आणि पोलिस कुठे होते तेव्हा?"

"आत," मी म्हणालो. आणि म्हणताना मला कळलं की मी काय म्हणालो.

 दारात हवालदार उभे होते, आणि त्यांचे डोळे माझ्यावर रोखलेले. पिंजऱ्यात तो पोरगा दोन्ही हात पुढे बांधून उभा होता. नखांच्या कडा काळ्या झालेल्या, ड्रम उचलून उचलून.

"गोळी खिशातून काढताना तुम्ही पाहिलीत का, सर?"

किती तरी उत्तरं माझ्या तोंडाशी आली. सगळी लांबलचक होती. अशी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. ती पोलिसांची नव्हती, हसं होईल याची होती.

"नाही," मी म्हणालो.

"पँट कुणाची होती?"

"माहीत नाही. भिंतीला चार लटकत होत्या."

"त्या दिवसाआधी चरस कधी डोळ्यांनी पाहिला होतात?"

"झेरॉक्समध्ये," मी म्हणालो. टायपिस्टसुद्धा हसला. मॅडमनी मात्र तोंडावर रुमाल धरून ते लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर हवालदार तोंड फिरवून निघून गेले.  बायकोने पापड घेतले, माझ्यासाठी उसाचा रस सांगितला आणि एस्टीत खिडकीची जागा मला दिली. लग्न झाल्यापासून ती जागा मला पहिल्यांदाच मिळाली.

पोरगा सुटला. कारखान्याच्या मालकाने आधी आढेवेढे घेतले, पण हंगाम तोंडावर होता आणि आखणीला हात नव्हता, त्यामुळे त्याला परत बोलावलं. मी पुन्हा मूर्ती सांगायला जोह्याला गेलो तेव्हा तो एका बैठ्या गणपतीसमोर मांडी घालून बसला होता. एक डोळा झाला होता, दुसरा कोरा. मी शेजारी पाटावर बसलो. त्याने मान हलवून हसल्यासारखं केलं.  

"तुझी नव्हती ना रे ती पँट?" मी शेवटी विचारलं.

"नाय सर. माजी त्या दिवशी बाहेर दोरीवर वाळत व्हती. पावसात भिजून आल्तो."

मला रागच आला, त्याचाही आणि माझाही. "अरे मग तिथल्या तिथे बोलला का नाहीस? मी समोर उभा होतो!"

त्याने कुंचला पाण्यात बुडवला, कडेला निथळला.

"दोनदा तोंड उघाडलं सर मी. तुमी हात वर केलात. वर्गात तुमचं चालू आसताना मधी बोल्लेलं तुमाला चालायचं नाय. म्हटलं, सरांचं संपू दे, मग सांगू." त्याने बोटावर कुंचल्याचं टोक करून बघितलं. "संपलं तवा सही झाली व्हती."

एवढं सांगून त्याने दुसरा डोळा आखायला घेतला. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.